बटण दाबलं की बंगला

सृष्टीला जे येत होतं ते काही फार अवघड नव्हतं. कॉम्प्युटरच्या पानावर एक चित्र लावायचं, खाली एक बटण ठेवायचं, आणि बटण दाबलं की त्याच जागी दुसरं चित्र आणायचं. पाच-सहा ओळींचा मामला. पण माले गावात तेवढंही दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, आणि तिच्या बापाला, भिवाजीला, त्याचं कोण कौतुक! तालुक्याला, पौडच्या क्लासात, लेकीने त्याला एकदा करून दाखवलं होतं: जास्वंदीची कळी, बटण दाबलं की फूल. या बाबाने वीस वेळा बटण दाबलं. मागे पोरं रांगेत उभी, क्लासवाला घड्याळ बघतोय, आणि हा आपला कळी-फूल, कळी-फूल. घरी येऊन बायकोला, गोजराबाईला, म्हणाला की आपल्या पोरीच्या हाताखाली मशीन गुमान चालतंय.

पुढे सृष्टीला शहराच्या कडेला, सूसला नोकरी लागली. कौस्तुभ नावाच्या जळगावकडच्या इंजिनिअरने तिथे एका नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर वेबसाइट करून द्यायचं ऑफिस टाकलं होतं. तीन टेबलं, चार कॉम्प्युटर, आणि वीज गेली की सगळ्यांनी गॅलरीत जाऊन उभं राहायचं. सृष्टी आठवडाभर सूसमध्येच दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची आणि पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी एसटीने गावी जायची. ही गोष्ट दोन हजार सात सालच्या सुरुवातीची.

आता हिच्या घरची एक भानगड आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. भिवाजीचा थोरला भाऊ गेणबा. दोघांची रानं बांधाला बांध लागून. गट नंबर शहाऐंशी गेणबाचा, सत्त्याऐंशी भिवाजीचा. यांच्या बापाने वाटणी करताना डोकं चालवलं होतं. रस्त्याकडचं रान गेणबाला दिलं आणि विहीर भिवाजीकडे ठेवली, म्हणजे एकाला वाटेसाठी दुसरा लागावा आणि दुसऱ्याला पाण्यासाठी पहिला. म्हाताऱ्याला वाटलं, असं केलं की पोरं धरून राहतील. कसली राहतात! सृष्टीच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं, पत्रिका छापून आली, आणि निमंत्रकांच्या यादीतून सख्ख्या थोरल्या भावाचंच नाव गळालेलं. छापखान्याची चूक. पण मेव्हण्यांची नावं सगळी जागच्या जागी. भिवाजीने समजूत घालायला माणूस पाठवला, तो दारातून परत आला. गेणबा लग्नाला आला नाही. त्या दिवसापासून नऊ वर्षं दोघांत एक शब्द नाही.

बरं, भांडण म्हणावं तर तसंही नाही. गेणबाने वाट अडवली नाही, भिवाजीने पाणी तोडलं नाही. गेणबा मोटर चालू करायला विहिरीवर आला की भिवाजी घरात जायचा. भिवाजीची बैलगाडी थोरल्याच्या बांधावरून निघाली की थोरला डोंगराकडे तोंड करून उभा राहायचा. मयतीला गेले तरी दोन टोकांना बसायचे. गावात असल्या भावकीचं कुणाला नवल नव्हतं. पोरांनी, बायकांनीसुद्धा मधे पडायचं सोडून दिलं होतं.

तर जानेवारीच्या सुरुवातीला कौस्तुभकडे एक गिऱ्हाईक आलं. दादासाहेब म्हणत त्यांना. जमिनीचा दलाल म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं काहीच नाही. साधा चौकटीचा शर्ट, चष्मा, चेहरा मास्तरासारखा, आणि आवाज इतका खालचा की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यांना एक पान हवं होतं. जमिनीच्या तुकड्यांचे नंबर ओळीने, प्रत्येक नंबराचं एक बटण. आधी दिसावं आजचं शेत. बटण दाबलं की त्याच जागी उद्याचा बंगला. शहरातल्या गिऱ्हाइकाला बोलून पटत नाही, म्हणाले, डोळ्यांनी दिसावं लागतं. कुठलेही फोटो लावून आठ दिवसांत नमुना द्या, बाकी मग बघू.

कौस्तुभने काम सृष्टीला दिलं आणि इथेच पोरगी चुकली. कुठलेही फोटो म्हटले होते, पण हिला काम चोख करायचं होतं. ऑफिसचा कॅमेरा घेऊन ती गावी गेली, रस्त्याकडच्या टेपाडावर उभी राहिली आणि आपल्याच शिवारातल्या सात रानांचे फोटो काढून आणले. मग त्या प्रत्येक फोटोची नक्कल करून तिने फक्त भाताचं खाचर, मधे घर-विहीर आली तर तीही, पुसलं आणि तिथे सीडीवरचा लाल कौलांचा बंगला बसवला. बटण दाबलं की डोंगर जागचा हलत नसे, आभाळ हलत नसे, उंबराचं झाड हलत नसे. फक्त शेत जायचं. बघणाऱ्याला शपथेवर खरं वाटेल असं काम होतं ते, आणि सृष्टीला त्याचा अभिमान वाटला. नंबर कुठले टाकायचे? तोंडपाठ होते तेच टाकले, एक्क्याऐंशी ते सत्त्याऐंशी. नमुना भरलेला दिसावा म्हणून शेजारी मालकांची नावंही टाकली.

दादासाहेबांनी ते पाहिलं. स्वतः माऊस हातात घेऊन एकेक बटण दाबलं. सात रानं गेली, सात बंगले आले. मग त्यांनी चष्मा पुसला.

“ताई, हे गाव कोणतं?”

सृष्टीने सांगितलं, माले, आमचंच गाव.

“नावं खरी आहेत?”

ती हो म्हणाली, नमुना म्हणून टाकलीत, काढून टाकीन.

“काढू नका,” दादासाहेब म्हणाले. “आता हाच नमुना नाही, हेच काम.”

कौस्तुभ खूश झाला. सृष्टीही झाली, खोटं कशाला बोला. पहिल्याच फटक्यात पसंत पडलेलं काम होतं.

त्यानंतर दर सोमवारी दादासाहेब येऊ लागले, पेढे घेऊन, आणि दर वेळी एक बारीकशी सुधारणा सांगून जाऊ लागले. पहिल्या सोमवारी म्हणाले, बंगल्यावर लाल अक्षरांत तिरका शिक्का मारा, ‘विकला’ म्हणून. दुसऱ्या सोमवारी त्यांनी खिशातून सातबाराचा उतारा काढला. हाताने लिहिलेला जुना नाही, कॉम्प्युटरमधून निघालेला नवा. पान असं दिसू द्या, म्हणाले. अशाच रेघा, असेच रकाने, असंच अक्षर. लोकांना ओळखीचं वाटतं.

लोकांना ते ओळखीचं वाटणारच होतं. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत तलाठ्याच्या हातचं अक्षर लावून घ्यायला म्हाताऱ्यांना नातवंडं शोधावी लागत. आता पौडला जाऊन अर्ज दिला की मशीनमधून सरसर कागद यायचा. तेव्हापासून गावात एक बोलणंच होऊन बसलं होतं, कॉम्प्युटरला निघालं. कॉम्प्युटरला निघालं म्हणजे पक्कं झालं, त्यावर वाद नाही. दोन माणसं बांधावरून भांडायला लागली की तिसरा म्हणायचा, कॉम्प्युटरला काय निघतंय ते बघा आणि गप बसा. दादासाहेबांना हे ठाऊक होतं. सृष्टीलाही ठाऊक होतं, पण तिने दोन आणि दोन जोडले नाहीत.

तिसऱ्या सोमवारची सुधारणा जरा चमत्कारिक होती. तोवर तेच बटण पुन्हा दाबलं की बंगला जाऊन शेत परत यायचं. दादासाहेबांना ते नको होतं.

“एकदा गेलेलं शेत परत दिसायला नको, ताई,” ते म्हणाले. “माणसाचं मन चळतं.”

एक ओळ पुसायचं काम होतं. सृष्टीने पुसली. पुसताना तिला कसंसंच झालं, का ते कळेना. जेवणाच्या सुट्टीत ती कौस्तुभला म्हणालीसुद्धा, की सर, ही नावं खऱ्या माणसांची आहेत, यातल्या कुणीच जमीन विकलेली नाही, आणि आपण वर ‘विकला’ लिहितोय. कौस्तुभ डबा खात होता. तो वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. ऑफिसचं भाडं, दोन माणसांचे पगार, सगळं अशा चार गिऱ्हाइकांवर चाललेलं. तो म्हणाला, जाहिरात आहे, चढवायच्या आधी नावं बदलतील. आपण फक्त चित्रं बदलतो सृष्टी, माणसं नाही.

पण पान चढवायचं कुणी नावच काढेना. वेबसाइट करून घेणारा माणूस, आणि ती इंटरनेटवर कधी येणार असं एकदाही विचारत नाही! सृष्टीने स्वतःहून विचारलं तर दादासाहेब म्हणाले, घाई नाही, सध्या आमच्या लॅपटॉपवर टाकून द्या.

चौथ्या सोमवारी ते राजूला घेऊन आले. राजू त्यांचा ड्रायव्हर, पस्तिशीतला, गप्पिष्ट. कुठल्या बटणाला कुठलं चित्र लागतं ते याला शिकवा, म्हणजे तुम्हाला सारखा त्रास नको. सृष्टीने तासाभरात शिकवलं. फाइलचं नाव बदललं की चित्र बदलतं, एवढंच तर होतं. राजूने पटकन उचललं. शिकता शिकता त्याने शहाऐंशी नंबरावर बोट ठेवून विचारलं, हे गेणबा तुमचे कोण? आणि सृष्टीने त्याला लग्नपत्रिकेची सगळी गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली. वाट एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे आणि मधे नऊ वर्षं अबोला, हे ऐकून राजू पोट धरून हसला. सृष्टीपण हसली. पलीकडच्या टेबलाशी दादासाहेब पेपर वाचत बसले होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी पेपराचं पान बराच वेळ उलटलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सृष्टी घरी गेली तर घर मुकं झालेलं. भिवाजी भाकरी अर्धी टाकून उठला. गोजराबाईला विचारलं तर ती म्हणाली, काय न्हाई, पावणं येतात, च्या पितात, जातात. कसले पाहुणे, तर तिने चुलीत लाकूड सारलं आणि तोंड फिरवलं. अंगणात जीपच्या चाकांचे व्रण दिसत होते. सृष्टीला वाटलं, बहिणीकडचं काहीतरी असेल, आपल्याला सांगायचं नसेल.

रविवारी संध्याकाळी भिवाजी तिला एसटीवर सोडायला फाट्यापर्यंत आला. एरवी हा माणूस वाटेने दहा गोष्टी बोलायचा, कुठल्या खाचरात औंदा इंद्रायणी भात लावायचा, कुणाची म्हैस आटली. त्या दिवशी गप्प. गाडी वळणावर दिसली तेव्हा त्याने एकदम विचारलं.

“सृष्टे, काम्पुटरला निघालं म्हंजी ते खरंच असतंय का गं?”

सृष्टी पिशवी सावरत होती. तिच्या डोक्यात सातबारा होता, उतारे होते. आबांना सातबाऱ्यावर काही शंका असेल, एवढंच तिला वाटलं.

“खरंच असतंय की आबा,” ती म्हणाली. “आता समदं त्याच्यावरच हाय.”

भिवाजीने मान हलवली. गाडी आली, ती चढली. मागच्या काचेतून तिने पाहिलं तर तो तिथेच उभा होता, हात खाली सोडून.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला राजू लॅपटॉप काखोटीला मारून ऑफिसात आला. पुढच्या गावाचे फोटो टाकायला गेलो तर चित्र अर्धंच दिसतंय, म्हणाला, जरा बघा. कौस्तुभ फोनवर होता. सृष्टीने लॅपटॉप उघडला. पडद्यावर माणसांच्या नावांचे सात फोल्डर ओळीने मांडलेले. शेवटची दोन नावं वाचून ती जरा थबकली. गेणबा. भिवाजी.

फोटो असतील, असं स्वतःला सांगत तिने भिवाजी उघडलं. आत तिचंच पान होतं. तिने शहाऐंशी दाबला. थोरल्या तात्यांचं रान गेलं, बंगला आला, वर लाल ‘विकला’. पंच्याऐंशी दाबला, बंगला. चौऱ्याऐंशी, बंगला. सत्त्याऐंशी दाबला. शेत तसंच राहिलं. पुन्हा दाबला. तसंच. सगळ्या शिवारात एकटं तिच्या बापाचं रान उरलेलं.

मग तिने गेणबा उघडलं. इथे शहाऐंशी हलेना. आणि सत्त्याऐंशी दाबल्याबरोबर त्यांचं घर, घरामागची विहीर, आई जिथे पापड वाळत घालायची ते पत्र्याचं छप्पर, सगळं गेलं. लाल कौलं आली. ‘विकला’.

कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. भिवाजीला दाखवायचं की भावाने विकली, आता तुला वाट नाही. गेणबाला दाखवायचं की भावाने विकली, आता तुला पाणी नाही. आणि दोघंही मरून जातील, पण बांध ओलांडून एकमेकांना विचारायला जाणार नाहीत. हे दादासाहेबांना कुणी सांगितलं, हेही तिला आठवलं.

राजू खुर्ची ओढून बसला होता. त्याला वाटत होतं हिला सगळं माहीत आहे, हिनेच तर केलंय.

“आमचं सायेब बटण त्यांच्याच हातानं दाबायला लावतात,” तो कौतुकाने सांगत होता. “माणसानं सोताच्या हातानं दाबलं की त्याला वाटतंय आपुनच शोधून काढलं. तुमच्या वडलांनी तर तीनदा दाबलं. सायेब म्हनले, लेकीला इचारू नका, हापिसातली गोष्ट हाय, भाईर फुटली तर पोरीची नोकरी जाईल.”

आता कुठे आहेत साहेब, असं सृष्टीने विचारलं.

“पौडला. आज अकराला सह्या हायेत न्हवं, तुमच्या गावच्या शेवटच्या दोन. म्हून तर पुढलं गाव घ्यायला आलो.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. घरी फोन नव्हता, आणि मोबाइल असता तरी गावात रेंज नव्हती. तिने गावातल्या पिठाच्या गिरणीत फोन लावला. गिरणीवाली म्हणाली, तुझा बाप मघाशीच जीपमधून गेला, धुतलेलं धोतर नेसून. सृष्टीने फोन ठेवला आणि कौस्तुभपुढे जाऊन उभी राहिली. काय झालं ते तिने तीन वाक्यांत सांगितलं. कौस्तुभचा चेहरा पडला. तो काही तरी म्हणायला गेला, मग राजूकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. खिशातून त्याने आपल्या स्कूटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. सोबत मात्र आला नाही.

नांदे, लवळे, पिरंगुट. वाटेत डंपरांची रांग. सृष्टीने गाडी कशी चालवली ते तिचं तिलाच ठाऊक नाही. एकच हिशेब डोक्यात चालला होता, की दोघांतल्या एकाला जरी गाठलं तरी पुरे. एकाने जरी सही केली नाही तरी दुसऱ्याची वाट राहील, नाहीतर पाणी राहील, आणि पुढे काही ना काही करता येईल. दोघांनी केली की संपलं. पणजोबांची खालची खाचरं पूर्वी धरण बांधलं त्यात बुडाली होती, तेव्हा निदान पाणी येताना दिसलं तरी होतं. इथे काहीच दिसलं नव्हतं, नुसती चित्रं बदलली होती, आणि तीही तिच्या हातची.

पौडच्या नोंदणी कार्यालयाबाहेर नेहमीसारखी गर्दी होती. स्टँप विकणारे, टायपिंगवाले, चहावाला. भिंतीलगतच्या बाकावर गेणबा एकटा बसला होता, डोक्याला पटका, हातात मोडून घडी घातलेला कागद. सृष्टीचा जीव भांड्यात पडला. हा तरी अजून बाहेर आहे.

नऊ वर्षांपूर्वी, ती बारा वर्षांची असताना, हा माणूस तिच्याशी शेवटचं बोलला होता. त्याआधी तिला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचा. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“तात्या, आबांनी रान इकलेलं न्हाई. तुमाला दावलं ते पान मी केलंय. खोटं हाय ते. सही करू नगा.”

गेणबाने तिच्याकडे पाहिलं. ओळखलं, पण चेहऱ्यावर काही हललं नाही.

“तुझा बाप कुटं हाय?”

“आत.”

“आत काय करतुया?”

सृष्टीने दाराकडे पाहिलं.

“मंग खोटं काय हाय त्यात?” गेणबा म्हणाला.

तिने त्याचा हात धरला. हात धरून सांगितलं, की आबांना वाटतंय तुम्ही विकली, म्हणून ते आत गेलेत. तुम्ही नुसते दारात जा आणि हाक मारा. तुमचा आवाज ऐकला की ते थांबतील, दुसरं काही करावं लागणार नाही. गेणबा उठला. खरंच उठला. दारापर्यंत चार पावलं गेला. आत पाठमोरा भिवाजी दिसत होता, टेबलापुढे उभा, शेजारी दादासाहेब. गेणबाने तोंड उघडलं. नऊ वर्षांत जी हाक मारली नव्हती ती ओठापर्यंत आली आणि तिथेच अडली. लोक बघत होते. त्याने पटका उगाच सारखा केला.

सृष्टी त्याला सोडून पुढे धावली. दारातल्या शिपायाने आडवा हात घातला, एका वेळी एकच पार्टी. आत पंखे घरघरत होते, प्रिंटर कागद ओकत होता. ती शिपायाच्या हातावरून ओरडली.

“आबा!”

भिवाजीने वळून पाहिलं. दारात लेक उभी दिसली आणि त्याचा आठवडाभराचा सुतकी चेहरा एकदम उजळला. त्याला वाटलं, पोरगी आली. आपल्या कामाला, आपल्या पाठीशी उभी राहायला आली, म्हणजे सगळं बरोबर चाललंय. दादासाहेब त्याच्या कानाशी हळूच काही म्हणाले. भिवाजीने लेकीकडे पाहत मान हलवली, थांब, आलोच, अशी खूण केली आणि शाईचा अंगठा कागदावर टेकवला. एकदा, दोनदा, तीनदा. नीट, घाई न करता, पोरगी बघत होती म्हणून जास्तच नीट.

बाहेर आल्यावर सृष्टीने त्याला सगळं सांगितलं. सांगताना ती रडत होती, शब्द पुढचे मागे होत होते, पण भिवाजीला कळलं. तो अंगठ्याकडे बघत राहिला. म्हणाला, तुझ्या हापिसातलं पान हाय म्हनले, मग मी कुणावर इस्वास ठेवायचा? तुला इचारलं तर तू खरं असतंय म्हनलीस. रागाने नाही म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. मागून दादासाहेब आले, कागदांची पिशवी काखेत. त्यांनी सृष्टीला पाहिलं आणि नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाले, ताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात, राजूजवळ काम दिलं होतं. आणि पुढच्या कागदासाठी पुन्हा आत गेले.

भिवाजीने मान वर केली तेव्हा समोर गेणबा उभा होता. चार पावलांवर. मधे ना बांध, ना झाड, आणि तोंड फिरवायला डोंगरही नाही. सृष्टीने पुन्हा थोरल्याला विनवलं, तात्या, तुमचं तरी राखा, तुमची वाट राहिली तर आबांनाही उभं राहता येईल. गेणबा तिचं ऐकत होता की नाही, देव जाणे. तो धाकट्याच्या निळ्या अंगठ्याकडे बघत होता. विहीर त्या अंगठ्याबरोबर गेली होती. पाण्याविना भाताचं रान घेऊन म्हातारा माणूस काय करणार, हे तिघांनाही कळत होतं. सकाळपर्यंत जे पान खोटं होतं ते आता अर्धं खरं झालं होतं.

“भिवा,” गेणबा म्हणाला, “एकदा इचारायचं तरी.”

भिवाजीने अंगठा धोतराला पुसला.

“तू तरी कुटं इचारलंस, आन्ना.”

नऊ वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले ते एवढंच. मग आतून शिपायाने गेणबाचं नाव पुकारलं, आणि तो आत गेला.